अधिकाऱ्यांनी व्हॉट्सॅपवर दिलेले आदेश शासकीय अभिलेखात मोडतात का?

राजेंद्रनगरवासी (इंदूर), प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या गल्लीत पावसाळी पाण्याच्या नालीचे काम झाले. त्यासाठी रहिवासी, ठेकेदार, उपयंत्री (कनिष्ठ अभियंता) आणि संबंधित अधिकारी यांचा एक व्हॉट्सॅप गट होता. नालीचा उतार चुकत असून पाणी घरांच्या बाजूला वळेल, अशी हरकत आम्ही काम चालू असतानाच गटावर घेतली. त्यावर अधिकाऱ्यांनी तिथेच लिहिले की तेवढा भाग उखडून पुन्हा करावा आणि तोवर ठेकेदाराचे देयक थांबवावे. उपयंत्र्यांनी त्याखाली होकार दिला. पुढे त्या अधिकाऱ्यांची बदली झाली आणि ते गटातून बाहेर पडले. गटावर सात दिवसांनी संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू होती, त्यामुळे आज आमच्याकडे शेजाऱ्यांनी वेळीच काढून ठेवलेले थोडे स्क्रीनशॉट तेवढे उरले आहेत. नाली होती तशीच आहे.

माहिती अधिकारात विचारल्यावर अशी कोणतीही सूचना नस्तीत (कार्यालयाच्या फाइलमध्ये) उपलब्ध नसल्याचे उत्तर आले, आणि ते शब्दशः खरेही असेल, कारण आदेश नस्तीवर गेलाच नाही. अधिकाऱ्याने कामाच्या संदर्भात स्वतःच्या फोनवरून दिलेला आदेश हा कायद्याच्या दृष्टीने कार्यालयाचा अभिलेख ठरतो का, ठरत असेल तर तो जपण्याची जबाबदारी कोणाची, आणि आता अर्ज कोणत्या शब्दांत करावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमच्या गल्लीत वयस्कर मंडळी बरीच आहेत आणि पुढचा पावसाळा काही थांबणार नाही, म्हणून विचारतो आहे.

⸻

निवृत्त लेखापाल, सुदामानगर

आपण संदेशाच्या मागे लागला आहात. माझा सल्ला असा की आधी पैशाच्या मागे जा. मी लेखा शाखेत नोकरी केली आहे, त्यामुळे एवढे खात्रीने सांगू शकतो की बांधकामाचा पैसा व्हॉट्सॅपवर हलत नाही. त्यासाठी कार्यादेश लागतो, मापन पुस्तिकेत माप चढावे लागते, चालू देयक आणि मग अंतिम देयक तयार व्हावे लागते, आणि प्रत्येक ठिकाणी कोणाची तरी तारखेसह सही असते. मापन पुस्तिकेची संबंधित पाने, देयके आणि त्यांवरील टिपण्या यांच्या प्रमाणित प्रती मागा. देयक थांबवण्याचा आदेश निघाल्यानंतर त्याच भागाचे माप घेऊन देयक मंजूर झाले असेल, तर आपल्या स्क्रीनशॉटची तारीख आणि देयकाची तारीख शेजारी ठेवली की आणखी काही सिद्ध करायला फारसे उरत नाही. कार्यादेशात दोषदायित्वाचा कालावधी किती ठेवला आहे हेही पाहा. तो संपेपर्यंत दोष स्वखर्चाने दुरुस्त करणे ठेकेदाराला बंधनकारक असते आणि त्याची सुरक्षा ठेव कार्यालयाकडे असते. ती ठेव परत गेली का, हा प्रश्न अर्जात अवश्य घाला.

आता आदेशाविषयी. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांत स्पष्ट म्हटले आहे की वरिष्ठाचा आदेश साधारणपणे लेखी असावा, तोंडी आदेश शक्यतो टाळावा आणि टाळता आला नाही तर त्यानंतर लगेच त्याला लेखी दुजोरा द्यावा. कनिष्ठाने तो दुजोरा मागणे हेही त्याचे कर्तव्य आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी जो निकाल दिला, त्यातही तोंडी आदेशांवर कारभार चालवल्याने जबाबदारी निश्चित होत नाही आणि नागरिकांचा माहितीचा अधिकारही निष्फळ ठरतो, असा विचार मांडला आहे. व्हॉट्सॅपवरचा आदेश लेखी आहे हे खरे, पण सात दिवसांत पुसला जाणारा लेखी आदेश तोंडी आदेशापेक्षा फार वेगळा कसा मानायचा? नस्तीवर उतरला तरच तो टिकतो. आमच्या वेळी साहेबांनी फोनवर काही सांगितले तर आम्ही टिपणीत 'दूरध्वनीवरील निर्देशानुसार' असे लिहून तारीख टाकत असू आणि नस्ती सहीसाठी पाठवत असू. ती सवय आजही लावता येण्यासारखी आहे.

⸻

वकिली करणारा एक वाचक, इंदूर

काकांनी सांगितलेला मार्ग सर्वांत खात्रीचा आहे. तरी मूळ प्रश्न कायद्याचा असल्याने त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेलचा नावानिशी उल्लेख आहे आणि कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्रीचाही समावेश आहे. 'अभिलेख' या शब्दात संगणकाने किंवा अन्य कोणत्याही उपकरणाने तयार केलेली सामग्री येते. फोन हे उपकरण आहे, तेव्हा संदेश हा केवळ संदेश आहे म्हणून कायद्याबाहेर राहत नाही. खरी अडचण पुढच्या शब्दांत आहे. अधिकार मिळतो तो सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली असलेल्या माहितीवर. फोन अधिकाऱ्याच्या खिशात असतो आणि कार्यालय म्हणते की तो आमच्या ताब्यात नाही. माझ्या मते 'नियंत्रण' हा शब्द कायद्यात याच कारणाने उपयोगी पडतो: अधिकारी कार्यालयाच्या अधिकाराने आदेश देतो, ठेकेदार तो पाळतो तेही कार्यालयाचा आदेश म्हणून, तेव्हा त्या आदेशाची प्रत मागवून घेण्याचा अधिकार कार्यालयाला असतोच. अधिकाऱ्याने सरकारी नस्ती घरी नेली म्हणून ती त्याची खाजगी होत नाही.

'उपलब्ध नाही' या उत्तरावर थांबू नका. युनियन ऑफ इंडिया विरुद्ध विश्वास भांबुरकर या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये सांगितले की जी माहिती कधीतरी कार्यालयाकडे होती किंवा असायला हवी होती, ती सापडत नाही एवढे म्हणून कार्यालयाची सुटका होत नाही. कसून शोध घेतला पाहिजे आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवली पाहिजे. दुसऱ्या बाजूला, अस्तित्वातच नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून 'आदेश का दिला' असे विचारू नये. 'आदेशाची व त्यावरील कार्यवाहीची प्रत द्यावी' असे मागावे. कारणे हवी असतील तर कलम ४(१)(घ) चा आधार घ्या. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणे कळवणे हे त्या कलमाने कार्यालयाचे कर्तव्यच ठरवले आहे, आणि आपण परिणाम झालेले रहिवासी आहात.

वेळेचे महत्त्व फार आहे. कलम २० प्रमाणे, मागितलेली माहिती नष्ट केल्यास लोक सूचना अधिकाऱ्याला (माहिती अर्जांना उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला) दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज दाखल झाला की संदेश पुसणे हा दंडनीय प्रकार होतो, अर्जापूर्वी पुसला तर हे कलम लागू करणे कठीण जाते. केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम तर अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करतो, पण तो केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या उपक्रमांपुरता आहे. राज्यातल्या स्थानिक संस्थेच्या नालीपर्यंत तो पोहोचत नाही.

एक सूचना स्क्रीनशॉटबद्दल. ज्यांच्या फोनमध्ये ते स्क्रीनशॉट आहेत, किंवा एखादा मूळ संदेश अजून राहिला असेल, त्यांनी फोन बदलू नये आणि तो गट सोडू नये. प्रकरण न्यायालयात गेले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागेल. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जुन्या पुरावा कायद्यातील ६५-ब कलमाच्या संदर्भात, मूळ उपकरणच न्यायालयासमोर आणले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले होते.

⸻

शासकीय सेवेत असलेली एक बहीण, इंदूर

राजेंद्रनगरच्या दादांचे दुःख मला समजते, तरीही दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. रात्री अकरा वाजता नाली तुंबल्याचा फोटो येतो, आम्ही त्याच क्षणी कोणाला तरी पाठवतो आणि पहाटे पाणी ओसरते. हे काम नस्तीवर कधीच झाले नसते. माझ्या त्याच फोनमध्ये आईच्या औषधांची चिठ्ठी आहे, मुलीच्या शाळेचे निरोप आहेत. प्रत्येक संदेश उद्या अर्जात मागितला जाईल अशी भीती बसली, तर लोक लिहिणे बंद करतील आणि सरळ फोन करतील. मग तुमच्याकडे स्क्रीनशॉटसुद्धा राहणार नाही. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल करून वैयक्तिक माहितीचा अपवाद बराच रुंद केला आहे. फोन मागितलात तर तेच कलम पुढे येईल.

आम्हाला हवी आहे ती सोय. सरकारी कामासाठी सरकारी क्रमांक द्या, एनआयसीने (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने) तयार केलेले 'संदेस' हे संदेशांचे सरकारी अ‍ॅप वापरायला लावा, आणि बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना गटातील अपूर्ण आदेशांची यादी देणे सक्तीचे करा. आज कार्यभार सोपवताना नस्त्या आणि चाव्या दिल्या जातात, चालू गटांतील आदेशांबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

⸻

रामबागेतील वाचक

ताईंच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि जगभर हाच पेच पडला आहे. नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे आपल्या जुन्या नोकिया फोनवरचे संदेश रोज पुसत असत, हे मे २०२२ मध्ये उघड झाले. महत्त्वाचे वाटलेले संदेश आपण अधिकाऱ्यांकडे पाठवत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. माझा आक्षेप नेमका इथेच आहे: कोणता संदेश महत्त्वाचा हे ज्याने लिहिला त्यानेच एकट्याने ठरवायचे आणि उरलेले पुसून टाकायचे, म्हणजे तपासायला मागे काहीच राहत नाही.

युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा फॉन डेर लायन आणि फायझरचे प्रमुख यांच्यात लसखरेदीच्या काळात झालेल्या संदेशांचे प्रकरण आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. एका वृत्तपत्राने ते मागितले, आयोगाने असे दस्तऐवज आपल्याकडे नाहीत असे कळवले, आणि १४ मे २०२५ रोजी लक्झेंबर्गमधील युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो नकार रद्द केला. कुठे शोधले, संदेश पुसले गेले का, गेले असतील तर आपोआप की कोणी पुसले, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आयोगाने दिलेले नव्हते. वकील साहेबांनी दिलेला दिल्लीचा निकाल त्याच्या जवळजवळ बारा वर्षे आधी हीच दिशा दाखवून गेला होता, याचे मला फार समाधान वाटते. आपल्याकडे कायदा आहे, तो वापरणारे हवेत.

अमेरिकेने २०१४ मध्ये आपल्या अभिलेख कायद्यात केलेली दुरुस्ती ताईंच्या शंकेचेही उत्तर देते. केंद्रीय अधिकाऱ्याने खाजगी खात्यावरून सरकारी कामाचा संदेश पाठवला तर त्याची प्रत वीस दिवसांच्या आत सरकारी खात्यावर पोहोचली पाहिजे. फोन तपासायचा प्रश्नच येत नाही. औषधांची चिठ्ठी घरच्या फोनमध्येच राहते आणि देयक थांबवण्याचा आदेश कार्यालयात जातो. आपल्या राज्यात एवढा एक नियम झाला तरी पुष्कळ होईल. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दीवर दिवसाचे हुकूम उतरवले जात म्हणून त्या काळचा कारभार आज वाचता येतो, आणि महेश्वरच्या दरबारातून पुण्याला गेलेली बातमीपत्रेही तशीच टिकली. इंदूरच्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

⸻

राजेंद्रनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे म्हणणे मला पटले, म्हणून कोणाचाही फोन मी मागणार नाही. अर्जाचा मजकूर असा केला आहे:

'अमुक कार्यादेशाखालील नालीच्या कामासंबंधी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत संबंधित अधिकाऱ्यांनी उपयंत्री व ठेकेदार यांना कोणत्याही माध्यमातून, मोबाइल संदेशांसह, दिलेल्या आदेशांच्या व त्यांवरील कार्यवाहीच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. मापन पुस्तिकेची संबंधित पाने, सर्व देयके आणि सुरक्षा ठेवीची स्थिती दर्शवणारी कागदपत्रे द्यावीत. असे आदेश नस्तीवर घेण्याबाबतचे व अभिलेख नष्ट करण्याबाबतचे कार्यालयातील नियम किंवा परिपत्रक द्यावे.'

यात काही कमी आहे का?

⸻

वकिली करणारा एक वाचक, इंदूर

मजकूर चांगला आहे. दोन गोष्टी जोडा. कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्याचा आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही कलम २ देते, तेव्हा नालीचा उतार मोजण्याच्या वेळी हजर राहण्याची मागणी करा. आणि स्क्रीनशॉटच्या प्रती अर्जासोबत लावून, हे संदेश या अर्जाचा विषय असल्याने ते जतन करावेत, असे एक वाक्य लिहा; पुढे कलम २० चा आधार घ्यायची वेळ आली तर तेच वाक्य उपयोगी पडेल. आपल्या राज्यात अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पुन्हा 'उपलब्ध नाही' असेच आले, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करा. त्याचे शुल्क पन्नास रुपये आणि भोपाळच्या राज्य सूचना आयोगाकडे जाणाऱ्या द्वितीय अपिलाचे शंभर. आयोगाकडे गेलात तर कलम १९(८) खाली, अभिलेख सांभाळण्याची कार्यालयाची पद्धतच बदलण्याचा आदेश मागता येतो. तो मिळाला तर त्याचा उपयोग आपल्या एका गल्लीपुरता राहणार नाही, म्हणून अपिलात ही मागणी स्वतंत्र परिच्छेदात आणि ठळकपणे लिहावी.