सिक्वेलमध्ये आरपीजी (स्वतःचं कॅरेक्टर घडवत खेळायचा गेम) 'सोपी' केली की सुधारते की बिघडते?

रिकामा_पेटारा
मास इफेक्ट १ संपवून लगेच २ लावला आणि सुरुवातीला मी नुसता मेनू उघडतोय नि बंद करतोय, की माझं सामान गेलं कुठे? पहिल्या भागात १५० वस्तूंची मर्यादा, ती भरली की वस्तू मोडून ओम्नी-जेल करत बसा, एकाच बंदुकीच्या दहा पायऱ्या, शिवाय चिलखतं वेगळी, अपग्रेड वेगळे. वैताग होता हे मान्य, पण २ मध्ये ते सगळंच साफ. स्किलची लांबलचक यादी होती तिथे आता मोजून काही पॉवर्स, म्हणजे खास शक्ती. स्नायपरमध्ये पॉइंट टाकले नाहीत तर नेम थरथरायचा, तेही गेलं, आता जो नेम माझा तोच हिरोचा.

गंमत म्हणजे मारामारी मला २ मध्ये जास्त आवडतेय, पण 'हे कॅरेक्टर मी घडवलंय' असं पहिल्यात जास्त वाटत होतं. मित्र म्हणतो सिक्वेलमध्ये मेकॅनिक्स कमी केले म्हणजे गेम बाद. असं सरसकट म्हणता येतं का? जुन्या लोकांनी सांगा, स्पॉइलर मात्र नको.

मंत्र_संपले
आधी सांग, डिफिकल्टी कितीवर आहे? नॉर्मलवर असशील तर तुला अर्धा गेम दिसलेलाच नाही. २ मध्ये आकडेमोड कॅरेक्टर शीटवरून उचलून लढाईत नेऊन ठेवलीय. इनसॅनिटीवर, म्हणजे सगळ्यात कठीण पातळीवर, साध्यातल्या साध्या शिपायालासुद्धा शील्ड, आर्मर नाहीतर बॅरियर असं कवच असतं आणि ते उतरेपर्यंत पुल, थ्रो वगैरे (ओढायच्या-फेकायच्या पॉवर्स) चालतच नाही. मग शील्डला ओव्हरलोड, आर्मरला इन्सिनरेट, बॅरियरला वॉर्प, आणि सगळं उतरलं की पुल मारून हवेत लटकवायचा आणि त्यावर वॉर्प, की स्फोट. म्हणजे मिशनला निघतानाच विचार करावा लागतो की बरोबर कोणाला न्यायचं. पहिल्या भागात एवढा विचार मी कधी केला नव्हता, जो आवडेल त्याला घेऊन निघायचो. त्यामुळे पॉवर्सची संख्या कमी झाली म्हणून खोली कमी झाली हे मला पटत नाही.

पण एका जागी मात्र त्यांनी खरंच माती खाल्ली, ती म्हणजे पॅरागॉन-रेनेगेड, हिरो भला की खडूस याचा हिशोब. पहिल्यात चार्म (गोड बोलणं) आणि इंटिमिडेटमध्ये (धाक दाखवणं) पॉइंट टाकायला लागायचे, म्हणजे गोड बोलणं हे बंदूक चालवण्यासारखंच कमवायचं कौशल्य होतं. २ मध्ये ते काढलं आणि सगळं तुझ्या स्कोअरवर सोडलं, तेही आत्तापर्यंत मिळू शकणाऱ्यांपैकी तू किती मिळवले या हिशोबाने. परिणाम काय, तर जरा वेळ भला, जरा वेळ खडूस असा माणूस खेळलास की पुढे मोक्याच्या क्षणी पर्याय करडे, दाबताच येत नाहीत. म्हणून लोक संवाद न वाचता एकाच रंगाचं, म्हणजे एकाच बाजूचं उत्तर दाबत सुटतात. सिस्टिम सोपी झाली आणि रोलप्ले मेला.

जुना_जाणता
वरच्या पोस्टमधलं शेवटचं बरोबर आहे, पण मला वाटतं मुद्दा अजून एक पायरी खाली आहे. आकडे किती आहेत यापेक्षा गेम तुम्हाला 'नाही' म्हणू शकतो का ते बघा.

एल्डर स्क्रोल्स मालिकेतलं मॉरोविंड घ्या, २००२. २७ स्किल. पुढच्या भागात, ऑब्लिव्हियनमध्ये, २१, त्याच्या पुढच्या स्कायरिममध्ये १८, आणि आठ अॅट्रिब्यूट (ताकद, बुद्धी असे मूळ गुण) उडवून उरलं हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना. लोक या आकड्यांवर भांडत बसतात. माझा राग आकड्यांवर नाहीच. मॉरोविंडमध्ये मेजेस गिल्डमध्ये (जादूगारांच्या संघात) बढती पाहिजे तर गिल्डला लागणाऱ्या स्किल आणि अॅट्रिब्यूट ठरावीक पातळीला नेल्याशिवाय ते तोंडावर सांगायचे की बाबा अजून तयारी नाही तुझी. तीन ग्रेट हाऊसपैकी (मोठ्या घराण्यांपैकी) एकातच जाता यायचं, बाकी दोघांची दारं बंद. स्कायरिममध्ये जादूच्या कॉलेजच्या दारात जेमतेम एक मंत्र करून दाखवा आणि पुढे बहुतेक काम तलवारीने उरका, तरी शेवटी आर्क-मेज, म्हणजे कॉलेजचे प्रमुख, तुम्हीच, शिवाय चोरांचे प्रमुख तुम्ही, मारेकऱ्यांचे प्रमुख तुम्ही. सगळीकडे हारतुरे. मग मी योद्धा होतो की जादूगार होतो याला अर्थ काय राहिला?

फॉलआउट मालिकेच्या जुन्या भागांत इंटेलिजन्स अगदी तळाला ठेवलात तर हिरोला धड वाक्य बोलता यायचं नाही आणि अर्ध्याअधिक लोकांशी बोलणंच खुंटायचं. फॉलआउट ४ मध्ये, २०१५ च्या, स्किल हा प्रकारच काढून सगळं पर्कच्या (खास गुणांच्या) चार्टवर नेलं, आणि आता संवादात उरला फक्त करिष्मा. बंदुका दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस बंदुकीबद्दल चार शहाणपणाचे शब्द बोलू शकत नाही, त्याआधीच्या फॉलआउट न्यू व्हेगासमध्ये बोलू शकायचा.

बोथट_कुऱ्हाड
ऑब्लिव्हियनमध्ये स्किल कमी करायच्या नादात कुऱ्हाड 'ब्लंट'मध्ये (बोथट हत्यारांत) टाकली होती त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये 😂 माझ्या नावाचा उगम तोच

लेव्हल_अप
@जुना_जाणता मुद्दा भारी आहे पण तुम्ही जुन्या सिस्टिमचं पाप पोटात घालताय. ऑब्लिव्हियनचं लेव्हलिंग आठवतंय ना? लेव्हल वाढताना अॅट्रिब्यूटला +५ पाहिजे तर त्याच्या हाताखालच्या स्किल मिळून दहा वेळा वाढलेल्या हव्यात, आणि एन्ड्युरन्स हा अॅट्रिब्यूट आधी वाढवला नाही तर गेलेली हेल्थ परत मिळत नाही. बरं, जग तुमच्याबरोबर लेव्हल होतं, म्हणजे चुकीच्या स्किल वाढवून लेव्हल चढलात तर शत्रू पुढे आणि तुम्ही मागे. त्यामुळे लोक काय करायचे, तर जी स्किल वापरायची नाही तीच मुद्दाम मेजर (जिच्या वाढीने लेव्हल चढते ती) म्हणून निवडायचे!! तलवारबाज खेळायचाय म्हणून तलवार मेजरमध्ये ठेवायची नाही. याला खोली म्हणायचं? ही तर कारकुनी झाली. स्कायरिमने ते काढून टाकलं आणि 'वापराल ते वाढेल' एवढंच ठेवलं, त्याबद्दल मी तरी त्यांना दुवा देतो.

आणि मॉरोविंडमध्ये धावत जाऊन धापा टाकत सुरा चालवायचा, सुरा डोळ्यासमोर खेकड्याच्या आरपार जातोय आणि गेम म्हणतो लागला नाही. आत फासे पडत असतात हे माहीत नसलेल्या माणसाला तो बगच वाटतो.

जुना_जाणता
@लेव्हल_अप ऑब्लिव्हियनच्या लेव्हलिंगची बाजू मी घेतलेलीच नाही, ते काढलं ते उत्तमच केलं. माझं म्हणणं एवढंच की केरसुणी फिरवताना केराबरोबर वाटीतलं सोनंही गेलं. लेव्हलिंग सुटसुटीत करण्यासाठी मंत्र बनवायची सोय काढायची गरज नव्हती, ती का काढली? गिल्डच्या अटी तर ऑब्लिव्हियनमध्येच गेल्या होत्या.

मंत्र_संपले
थोडं त्यांच्या बाजूनेही बघा. ऑब्लिव्हियनपासून सगळे संवाद आवाजात आले. मॉरोविंडमध्ये 'पूल ओलांडून डावीकडे वळ, मग दगडापाशी उजवीकडे' असं पानभर लिहिता यायचं, तेच रेकॉर्ड करायचं म्हटलं तर खर्च बघा, मग आला कंपासवरचा बाण. वर कन्सोलचा कंट्रोलर, त्याने लांब याद्या चाळणं म्हणजे शिक्षा. सगळंच काही 'प्लेयरला अक्कल नाही' म्हणून कापलेलं नसतं.

अर्थात कारण समजलं म्हणून सगळं माफ असंही नाही. डेउस एक्स इनव्हिजिबल वॉर, २००३, सगळ्या बंदुकांना एकाच प्रकारची गोळी! पिस्तूल असो की रॉकेट, एकाच डब्यातून. पहिल्या भागात 'या गोळ्या संपल्या, आता दुसऱ्या हत्याराने भागव' हा जो विचार करावा लागायचा तोच गेला, आणि संपल्या की सगळंच ठप्प. त्यात कोणाचं भलं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

रिकामा_पेटारा
बरंच कळलं. मग असा एखादा सिक्वेल आहे का ज्यात नियम सोपे केले आणि तरी गेम 'नाही' म्हणत राहिला?

लेव्हल_अप
बाल्डर्स गेट ३. २ मध्ये, २००० साली, थॅको होता, वार लागतो की नाही ते ठरवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला, नव्या माणसाचं डोकंच उलटं चालायला लागायचं. शिवाय प्रत्येक मोठ्या लढाईआधी एकामागून एक मंत्रांचे थर चढवत बसायचं, हेस्ट, स्टोनस्किन, अजून काय काय. ३ मध्ये, २०२३, कॉन्सन्ट्रेशन आलं, एका वेळी असा एकच मंत्र धरून ठेवता येतो. ब्लेस चालू आहे आणि हेस्ट टाकलास तर ब्लेस गेला. नियम एका ओळीचा, पण दर लढाईत काहीतरी सोडावं लागतं, आणि मार बसला तर तोही सुटू शकतो.

जुना_जाणता
हे उदाहरण चांगलंय, फक्त तो नियम गेम ज्यावर बेतलाय त्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलटॉप खेळाच्या पाचव्या आवृत्तीतून आलाय, गेमवाल्यांनी स्वतः शोधलेला नाही. तरी नेमकं हेच मला म्हणायचं होतं.

मंत्र_संपले
@रिकामा_पेटारा तू २ पूर्ण कर आणि सेव्ह ठेव, ३ मध्ये इम्पोर्ट होतो. तिथे बंदुकीचे मॉड (जोडायचे सुटे भाग) परत आलेत, हत्यारांना वजन आलंय (जास्त उचललीस तर पॉवर्स उशिरा भरतात), पॉवर्सला वरच्या पायऱ्यांवर दोन-दोन फाटे आहेत, आणि पॅरागॉन-रेनेगेड मिळून एकच रेप्युटेशन धरतात. तोपर्यंत २ मध्ये एक रंग पकडून चाल, नाहीतर जहाजावर दोघांचं भांडण मिटवायची वेळ येईल तेव्हा बघत बसशील. यापेक्षा जास्त सांगत नाही, स्पॉइलर नको म्हणालायस.