मुंबईत तीन दिवस फक्त नाटकं: नागपूरहून येणाऱ्यांनी बेत कसा आखावा?

सीताबर्डी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात शुक्रवारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईत उतरून रविवारी रात्री परत निघायचं आहे. आम्ही चौघं, त्यातले दोघं सत्तरीचे, एकाचे गुडघे दुखरे. राणीची बाग, गेटवे वगैरे काही नको, फक्त नाटकं. दौऱ्यावर नागपूरला येणारी व्यावसायिक नाटकं पाहणं होतंच, त्यामुळे एखादं प्रायोगिकही हवं. तीन गोष्टी सांगा: मुक्काम कुठे करावा, तिकिटं किती आधी काढावीत आणि दिवसाला किती प्रयोग झेपतात?

तिसरी घंटा:
आधी नाटकं निवडून मग प्रवास ठरवायला गेलात तर फसाल. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नाटकाच्या प्रयोगाची तिकिटं साधारण आठवडाभर, फार तर दोन आठवडे आधी. मध्ये दीड महिना कोणतं नाटक कुठे आहे याचा पत्ताच नसतो, आणि असला तरी कलाकाराच्या मालिकेचं चित्रीकरण आलं की तारीख हलते. म्हणून गाडी आणि खोली आत्ता पक्की करा, नाटकं शेवटच्या आठवड्यात निवडा. डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्यात इतके प्रयोग असतात की उपाशी राहणार नाही.

मुक्काम दादर पश्चिम. दुसरा विचार करू नका. लोकलचे पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्ग तिथे मिळतात. प्लाझा सिनेमासमोरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, माटुंग्याचं यशवंत आणि प्रभादेवीचं रवींद्र टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत. विदर्भ एक्सप्रेस दादरला थांबते, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. खोली घेताना लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा. स्टेशनजवळच्या जुन्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी ती नसते, आणि तुमच्या गुडघेवाल्यांना रोज चार-पाच वेळा जिना पडेल.

प्रयोगांच्या वेळा बहुतेक ठरलेल्या. शनिवारी दुपारी ४ आणि रात्री ८ ते ८.३०, रविवारी त्यात सकाळी ११ ते ११.३० चा तिसरा. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तास, आणि तिसरी घंटा पाच-दहा मिनिटं उशिराच होते. म्हणजे ४ च्या प्रयोगातून पावणेसातला बाहेर. दिवसाला दोन आरामात होतात. शुक्रवारी व्यावसायिक प्रयोग मोजकेच असतात, ती संध्याकाळ प्रायोगिकला ठेवा.

तिकिटं बुकमायशो किंवा तिकिटालयवर. तरी जाहिरात वर्तमानपत्रात बघाच, कारण शेवटच्या क्षणी बदललेली वेळ तिथे नाहीतर निर्मात्याच्या समाजमाध्यमावर दिसते. दादरला उतरल्यावर शिवाजी मंदिरच्या खिडकीवर एक चक्कर मारा. ऑनलाइन हाऊसफुल्ल दिसणाऱ्या प्रयोगाच्याही चार खुर्च्या कधीकधी तिथे निघतात.

आठवी रांग:
खुर्च्यांबद्दल. महाग म्हणून पहिली रांग चांगली, असं नाही. बहुतेक नाट्यगृहांत रंगमंच उंच असतो, पहिल्या-दुसऱ्या रांगेतून मान वर राहते आणि जमिनीवर बसून होणारा प्रसंग अर्धा कापला जातो. पाचवी ते नववी रांग, मधल्या खुर्च्या, हे उत्तम. कडेच्या खुर्चीतून तुमच्याच बाजूच्या विंगेजवळचा भाग दिसत नाही, आणि घराचा सेट असला की स्वयंपाकघराचं दार नेमकं तिथेच असतं.

गुडघेवाल्यांसाठी मात्र खालचा मजला आणि वाटेलगतची खुर्ची, मग दिसणं थोडं कमी झालं तरी चालेल. बाल्कनीत स्वस्त मिळतं, पण जिना आहे आणि आत अंधारात पायऱ्या.

मध्यंतर १० ते १५ मिनिटांचं. शिवाजी मंदिर आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या बटाटेवड्याची रांग आणि प्रसाधनगृहाची रांग, दोन्ही त्या वेळात उरकत नाहीत. चौघं आहात, कामं वाटून घ्या. जेवण मात्र दोन प्रयोगांच्या मध्येच करा. दादरला अस्वाद, प्रकाश आहेतच, पण शनिवारी संध्याकाळी अस्वादबाहेर अर्धा तास थांबावं लागतं हे धरून चाला. रात्रीचा प्रयोग सुटतो अकराच्या पुढे, तेव्हा बरीचशी साधी जेवणाची ठिकाणं बंद झालेली असतात.

सीताबर्डी:
मनापासून आभार. मग शनिवारी दुपारी ठाण्याचं गडकरी आणि रात्री ८.३० ला पार्ल्याचं दीनानाथ असं जमेल का? रविवारी तीन प्रयोग करून रात्रीची दुरांतो?

स्लो लोकल:
दोन्ही नाही.

ठाणे मध्य मार्गावर, पार्ले पश्चिम मार्गावर. गडकरीतून पावणेसातला निघून स्टेशन गाठायला पंधरा मिनिटं, दादरपर्यंत जलद लोकलने अर्धा तास, पूल चढून मार्ग बदलायचा, मग पार्ल्याला धीम्या लोकलने पंचवीस मिनिटं. जेवण न करता जेमतेम पोचाल. अगदीच हौस असेल तर दादरला येऊच नका: ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानक आणि पुढे पार्ले पूर्वेला रिक्षा. तरीही सव्वा तास. नियम असा ठेवा की एका दिवशी एकच मार्ग. शनिवारी दुपारी शिवाजी किंवा यशवंत आणि रात्री दीनानाथ, हे नीट बसतं.

ठाण्याबद्दल आणखी एक. जाहिरातीत नुसतं 'गडकरी' किंवा 'घाणेकर' छापतात. गडकरी रंगायतन मासुंदा तलावाकाठी, स्टेशनपासून चालत. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, स्टेशनपासून कित्येक किलोमीटर, आणि तो रस्ता संध्याकाळी तुंबतो. बाहेरगावची मंडळी नेमकी इथेच चुकतात. तसंच 'यशवंत'साठी पश्चिम मार्गावरचं माटुंगा रोड स्टेशन, मध्य मार्गावरचं माटुंगा नव्हे. जुन्या याद्यांमध्ये परळचं दामोदर दिसलं तर सोडून द्या, ते पुनर्विकासात गेलं.

आता रविवार. दुरांतो सीएसएमटीहून साधारण सव्वाआठला सुटते (नेमकी वेळ तिकिटावर बघा), म्हणजे रात्रीचा प्रयोग विसरा. सकाळी आणि दुपारी असे दोन, आणि दोन्ही दादर-माटुंगा-प्रभादेवीतच. कारण रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठीचा. मध्य रेल्वेवर साधारण ११ ते ४ या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, गाड्या पंधरा-वीस मिनिटं उशिरा धावतात. वाशीकडे जाणाऱ्या हार्बर मार्गावर तर काही पट्ट्यात गाड्याच बंद, म्हणून वाशीचं भावे नाट्यगृह रविवारी दुपारी नको. ब्लॉक कुठे आहे ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं. ४ चा प्रयोग संपल्यावर सामान घेऊन थेट सीएसएमटी. सकाळीच खोली सोडून बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवा, नाट्यगृहात मोठ्या बॅगा घेऊन बसता येत नाही.

दादरला फलाटांचे क्रमांक आता सलग आहेत: पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. जुन्या माहितीवर 'मध्यचा फलाट ३' शोधत फिरू नका.

प्रॉम्प्टर:
शुक्रवारची संध्याकाळ माझ्याकडे. दोन पर्याय, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा.

पृथ्वी थिएटर, जुहू. १९७८ चं, जेमतेम २०० प्रेक्षकांचं, तीन बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये नट. श्वास ऐकू येतो इतकं जवळ. पण तिथे खुर्ची क्रमांक नाहीत, जो रांगेत आधी तो पुढे. तेव्हा ३० ते ४५ मिनिटं आधी पोचा. उशीर झाला तर आत सोडतच नाहीत, तिकीट हातात असलं तरी. व्यावसायिकच्या 'दहा मिनिटं चालतात' या सवयीने येणाऱ्यांचे पैसे इथे बुडतात. बसायला पायऱ्यांवर बाकांसारखी रचना, हाताला आधार नाही, म्हणून दारावरच्या माणसाला सांगून खालची जागा मागा. पार्ले पश्चिमेहून रिक्षा घ्या. दादरला रिक्षा नाहीत, वांद्र्याच्या उत्तरेलाच.

एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), नरिमन पॉइंट. टाटा थिएटर १९८० चं आणि सुमारे हजार आसनांचं, पण तुम्हाला हवंय ते तिथलं एक्सपेरिमेंटल थिएटर. गुडघ्यांना हे सोयीचं, क्रमांकित तिकीट आहे का तेवढं काढताना बघा. चर्चगेटहून टॅक्सी करा, चालत लांब पडतं.

मला विचाराल तर गुडघे बघता एनसीपीए. पण तरुण दोघं वेगळे जायला तयार असतील तर त्यांना पृथ्वीला पाठवा. वर्सोव्याच्या आराम नगरातल्या छोट्या जागा मात्र या खेपेला नकोत, बरेचदा जिने आणि गाद्यांवर बसणं.

तिसरी घंटा:
प्रॉम्प्टरशी सहमत, एक भर. रवींद्रच्या आवारातल्या मिनी थिएटरमध्येही मराठी प्रायोगिक होतं. शुक्रवारी तिथे काही असेल तर प्रवासच वाचतो. आणि शनिवारी सकाळ मोकळी असेल तर शिवाजी मंदिरपासून चालत छबिलदास शाळा. सत्तरच्या दशकात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक चळवळ याच शाळेच्या सभागृहात चालवली. आता आत बघण्यासारखं काही नाही, बाहेरूनच हात जोडायचे.

सीताबर्डी:
ठरलं. शुक्रवार एनसीपीए, नाहीतर मिनी थिएटर. शनिवार दुपारी शिवाजी, रात्री दीनानाथ. रविवार सकाळी यशवंत किंवा रवींद्र, दुपारी परत शिवाजी. दुरांतो आणि लिफ्टवाली खोली आज बघतो. नाटकांची नावं आदल्या आठवड्यात इथेच टाकतो, तेव्हा कोणतं वगळायचं ते सांगा.

आठवी रांग:
टाका. आणि दीनानाथहून परतताना शेवटच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवा. अकराला सुटलात तर गाड्या आहेत, पण अकरानंतर त्या विरळ होतात आणि त्या वेळी चौघांसाठी टॅक्सीच बरी.