डायलिसिस फुकट झालं, पण घर कशावर चालवायचं?

कृष्णाकाठ: माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात, वय ४१, गवंडीकाम करायचा. डायलिसिस जनआरोग्य योजनेतून होतं, त्याबद्दल सरकारला नावं ठेवणार नाही. पण आठवड्यातनं तीनदा जायचं, सुईवर चार तास, घरी आला की नुसता पडून, अशा माणसाला कामावर कोण ठेवणार? वहिनी सोबत जाते म्हणजे तिचाही रोज बुडाला. रक्तवाढीचं इंजेक्शन कधी मिळतं, कधी "बाहेरून आणा". संजय गांधी निराधारसाठी विचारलं तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत पाहिजे म्हणे. महिन्याला १७५०!! लाडकी बहीणला अडीच लाखांची अट आणि निराधाराला २१ हजार, मिळणार दोन्हीकडे १५००च. डायलिसिसवाल्यांना पण अट अडीच लाखांची करा की, काय चूक आहे?

सदाशिव_४११०३०: वाईट वाटतं, पण पटत नाही. १५०० नी काय होणार? त्यापेक्षा तालुक्या-तालुक्याला मशीन वाढवा, जाण्यायेण्याचा खर्चच वाचेल. आणि नोकरदारांचं काय? वडिलांचं डायलिसिस मी करतोय, ८०डीडीबीची, म्हणजे आजारपणाच्या खर्चाची आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत, नवीन घेतली की तीही गेली. आम्हाला कोण विचारतं?

कृष्णाकाठ: मशीन दारात आणून ठेवलं तरी चार तास ते चारच राहणार ना दादा. तुमचा पगार चालू आहे, त्याची मजुरी बंद आहे.

सेतूवाला: रोज हेच कागद बघतो म्हणून बोलतो. २१ हजाराचा दाखला आजच्या काळात खरा कुणाचा असणार? दुकानवाला पण आणतो, आणि जो खरं उत्पन्न सांगतो तो बाहेर. अट वाढवाच, पण फक्त डायलिसिसला नको, उद्या लकवावाले विचारतील आमचं काय. खरी गोची वेगळीच आहे, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, पार्किन्सन सगळे आहेत, किडनी नाही. म्हणजे नुसत्या किडनीवर दिव्यांग दाखला नाही, आणि दाखल्यावर मिळणारं काहीच नाही.

नागपूरची_ताई: कायद्यात नाव असून काय फायदा जी? आमच्याकडे पोराला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार, यादीत आहे. पण पोरगं रोज थोडीच तडफडते, दुखणं उठलं की आठ-आठ दिवस भरती, आणि तपासणीच्या दिवशी नेमकं हसत-खेळत जाते. डॉक्टर अपंगत्वाचे टक्के कमी लिहून मोकळे. ४० च्या खाली गेलं की संपलं.

सदाशिव_४११०३०: मग हा तपासणीचा दोष आहे, तो सुधारा. पैसे वाटणं हा त्यावर उपाय कसा काय?

एसटीप्रेमी: मिळतंय ते तरी घ्या लोकहो. डायलिसिसवाल्यांना साधी एसटी मोफत, रेल्वेला स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत, रेल्वेत सोबतच्या एका माणसाला पण. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं बस्स.

कृष्णाकाठ: जाताना एसटीच असते. येताना बीपी पडलेलं, हाताला पट्टी, उभं राहवत नाही, रिक्षाच लागते.

सदाशिव_४११०३०: ठीक, पण तिजोरीत पैसा कुठून येणार ते सांगा. लाडकी बहीणचे कापून देणार का?

कृष्णाकाठ: वहिनीला लाडकी बहीणचेच १५०० येतात, आज रिक्षाभाडं त्यातूनच जातंय. कापायला बसलात तर पहिले आमचेच जातील.