मदत हवी आहे: भाऊ जेलमध्ये, डिप्रेशनच्या गोळ्या बंद झाल्यात

नमस्कार. मी इंदूरची, माहेर रामबागेतलं. धाकटा भाऊ पाच महिने जेलमध्ये आहे, कच्चा कैदी. अफरातफरीची केस. खरं-खोटं कोर्ट बघेल, इथे त्यावर वाद नको.

त्याला 2021 पासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. अटकेच्या गडबडीत फाइल घरीच राहिली. मी दोनदा गोळ्या घेऊन गेले, गेटवरून परत पाठवलं. बाहेरचं औषध चालत नाही म्हणे. मग काय चालतं, ते कोणी सांगेना.

परवाच्या मुलाकातीत त्यानं तीनदा विचारलं, "ताई, स्कूटरला अधूनमधून किक मारतेस ना?" स्कूटर दोन महिन्यांपूर्वीच वकिलाच्या फीसाठी विकली आणि ते मीच त्याला सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी "हो" म्हटलं. बैरकमध्ये रात्रभर दिवा जळतो, झोप नाही. अंगठ्याच्या नखाभोवतीचं कातडं पार सोलून काढलंय. निघताना कोर्टाच्या तारखेबद्दल म्हणाला, "आता पेशीचीसुद्धा वाट बघावीशी वाटत नाही."

गोळ्या आत कशा सुरू करायच्या? आणि त्याच्याशी बोलू काय? "धीर धर" म्हणताना माझीच जीभ अडखळते.

प्रतिसाद 1
ताई, गोळ्या नाही, कागद न्या. जेल अधीक्षकांच्या नावे अर्ज, सोबत प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, आपल्या प्रतीवर आवक शिक्का. वकिलांना कोर्टातही अर्ज लावायला सांगा: जेलच्या डॉक्टरांनी तपासून अहवाल द्यावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 103 वं कलम खास कैद्यांसाठी आहे. आत सोय नसेल तर मनोरुग्णालयात हलवता येतं, सरकारी तर इथेच बाणगंगेला आहे. वकील झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, फोन 15100. पेशीबद्दलचं ते वाक्य जसंच्या तसं अर्जात लिहा आणि उद्याच द्या, सोमवारची वाट बघू नका. तुम्हालाही जड जात असेल तर 14416 वर फोन करा, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे.

प्रतिसाद 2
मी स्वतः आत राहून आलोय. धीर वगैरे नको. पुढच्या मुलाकातीचा दिवस सांगा आणि तो चुकवू नका. बायको मला कुंडीतल्या कढीपत्त्याची खबर द्यायची, किती फुटला, कोणी तोडून नेला. तेवढ्यावर आठवडा निघायचा. स्कूटरचं मात्र खरं सांगा. आत माणूस सगळ्यांवरच संशय घेतो, त्यात घरचे नकोत.

धागाकर्ती
अर्ज दिला, शिक्का मिळाला. स्कूटरचं शनिवारी सांगते.