सात मेस मिळून नागपूरच्या इतवारी बाजारातून एकत्र खरेदी : भावात सूट कशी मागावी?

प्रश्न (मेसचालक, हिंगणा रस्ता)

नमस्कार. मी हिंगणा रस्त्यावर विद्यार्थ्यांची मेस चालवते. माझ्याकडे सुमारे शंभर मुले दोन्ही वेळ जेवतात आणि महिन्याला साधारण 180 किलो तुरीची डाळ व तेलाचे 15 किलोचे 8 डबे लागतात. याच भागातील आणखी सहा मेसचालकांची गरजही जवळपास एवढीच आहे. आजवर आम्ही प्रत्येक जण ओळखीच्या दुकानातून महिन्याच्या उधारीवर माल उचलत आलो. आता एकत्र ठोक खरेदी करावी, असे ठरवून आम्ही तिघे मागच्या आठवड्यात इतवारीच्या किराणा ओळीत जाऊन आलो. "आम्ही सात जण आहोत, भाव कमी करा," असे म्हटल्यावर एका व्यापाऱ्याने डाळीत किलोमागे कसाबसा एक रुपया सोडला. आमचे मागणे कुठे चुकते आहे? पैसे कोणी गोळा करावेत आणि बिल कोणाच्या नावाने घ्यावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त ठोक व्यापारी, इतवारी)

ताई, मी अनेक वर्षे इतवारीत गादीवर बसलो आहे, म्हणून त्या व्यापाऱ्याच्या बाजूने सांगतो. "सात जण" म्हटले की त्याला सात फोन, सात खाती, सात ठिकाणी माल उतरवणे आणि सात जणांची वसुली दिसते. त्यात त्याचे काहीच वाचत नाही, मग तो भाव कशाच्या जोरावर सोडणार? तेच तुम्ही असे सांगा की, दर महिन्याच्या 3 तारखेला 50 किलोची 25 पोती डाळ आणि 56 डबे तेल एकाच टेम्पोत भरायचे आहे, टेम्पो आमचा आहे, आणि पैसे माल भरण्याआधी खात्यात जमा होतील. मग बोलणे एकदम बदलते.

यातही सर्वांत मोठी गोष्ट रोखीची आहे. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळे असतात, आणि बरेच ग्राहक रोखीचा भाव कधी विचारतच नाहीत. महिनाभर आधी पैसे देऊन 2 टक्के सुटत असतील, तर ते वर्षाच्या हिशेबाने सुमारे 24 टक्के होतात. एवढे व्याज तुम्हाला कोणतीही बँक देणार नाही. म्हणून आधी रोखीचा भाव काढून घ्या आणि जास्त माल घेण्याबद्दलची सूट त्याच्यावर मागा.

तेलाचा भाव रोज हलतो, त्यामुळे तेथे बांधीव भाव मागू नका, कारण व्यापारी स्वतःच्या बचावासाठी तो चढाच सांगेल. त्या दिवसाच्या ठोक भावापेक्षा डब्यामागे किती कमी, एवढेच ठरवा. डाळीत मात्र कोणती प्रत हवी, फटका की सवा नंबर, हे आधी पक्के करा. नमुन्याची पुडी बांधून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्या, आणि माल आला की एका पोत्यातली मूठभर डाळ त्या पुडीशेजारी पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात पाहा.

उत्तर (केटरिंग व्यावसायिक, नंदनवन)

आमचा पाच जणांचा गट चौथ्या महिन्यात मोडला, आणि त्याला कारण व्यापारी नव्हता, आम्हीच होतो. एका सभासदाने ऐन वेळी, "या महिन्यात माझे आठ डबे नकोत," असे कळवले. ते डबे माझ्या घरच्या पडवीत पडून राहिले आणि पुढच्या आठवड्यात तेलाचा भाव उतरला. नुकसान कोणी सोसायचे यावर आम्ही आधी एक शब्दही बोललो नव्हतो. आजही आमच्यापैकी दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून सांगते, ज्याचे पैसे 1 तारखेपर्यंत जमा नाहीत, त्याचा माल त्या महिन्यात मागवूच नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. शिवाय तांदूळ गटात घेऊ नका. कोणाला एचएमटी वाण लागतो, कोणाला जय श्रीराम, आणि त्या वादात डाळीची सूटही हातची जाते.

उत्तर (करसल्लागार, धरमपेठ)

सगळे बिल एकाच्या नावाने घेऊ नये. तसे केल्यास बाकीच्या सहा जणांना दिलेला माल त्याने विकल्यासारखा दिसतो आणि त्याची उलाढाल विनाकारण फुगते. भाव एक, टेम्पो एक, पण बिले सात, असेच व्यापाऱ्याला सांगावे. सूटही बिलावरच दाखवून घ्यावी, कारण तेलावर जीएसटी लागतो आणि बिलात दाखवलेली सूट वजा करूनच तो आकारला जातो. मागाहून हातात ठेवलेल्या पैशांनी बिलावरचा कर कमी होत नाही. डाळीबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटातील डाळीवर 5 टक्के जीएसटी आहे, 50 किलोच्या पोत्यावर तो नाही. मेसवर 5 टक्के दराने कर भरणाऱ्याला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, म्हणजे पाकिटे घेतल्यास तो कर तुमच्याच खिशातून जातो.

सहकारी संस्था काढण्याचा विचार असल्यास, महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान 10 सभासद लागतात. सात जणांना तूर्त सह्यांचा एक साधा करारनामा पुरेल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी आम्ही सातही जण बसलो आणि तांदूळ यादीतून काढून टाकला. आमच्यातील एका मेसचालकाला महिन्याचे पैसे आगाऊ भरणे सध्या जमत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच पहिल्या महिन्यात थांबण्याचे ठरवले. आता सहा जणांची 22 पोती आणि 48 डबे होतात, आणि सोमवारी आम्ही रोखीचा भाव विचारायला पुन्हा किराणा ओळीत जात आहोत.