शब्दचर्चा: आयनी द्रव, बहुवारिक आणि ‘स्वयंजुळणी’

जिज्ञासू: पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या मराठी टिपणांसाठी शब्द हवे आहेत. पाण्यात आयनी द्रवाचे (कमी तापमानालाही द्रव राहणाऱ्या, निव्वळ आयनांच्या क्षाराचे) लांब शेपटीचे आयन आपोआप एकत्र येतात. बहुवारिक (पॉलिमर) असेल तर त्याच्या साखळीवर जमतात. या क्रियेला कुठे ‘स्वयंसंघटन’, कुठे ‘समूहन’, तर कुठे ‘साकळणे’ लिहिलेले दिसते. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि ‘सीएमसी’ मराठीत कशी लिहावी?

कलिल: अर्थ एक नाहीत, आणि ते मिसळले तर विद्यार्थी प्रयोगाचा आलेख चुकीचा वाचतात. तुम्हाला हवा तो शब्द ‘स्वयंजुळणी’. तिथे समतोल असतो: द्रावण विरल केले की मायसेल (शेपट्या आत, प्रभारित डोकी बाहेर असे आयनांचे पुंजके) सुटतात, संहत केले की पुन्हा जुळतात. ‘स्वयंसंघटन’ हा शब्द ऊर्जेचा ओघ चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या रचनांसाठी राखावा. प्रिगोजिन यांना १९७७ चे नोबेल अशाच रचनांवरील कामासाठी मिळाले. मायसेल बाटलीत नुसते ठेवले तरी टिकतात. ‘साकळणे’ म्हणजे परत सहजी न सुटणे. तसे रक्त साकळते. ‘समूहन’ हा सर्वांना सामावणारा मोघम शब्द आहे. यंत्रणा ठरलेली नसेल तेव्हा तो वापरायला माझी हरकत नाही.

पृष्ठताण: ‘सीएमसी’साठी, म्हणजे ज्या संहतीला मायसेल बनू लागतात तिच्यासाठी, ‘क्रांतिक मायसेल संहती’ लिहा, पण मराठी टिपणात लघुरूप टाळा. कारण व्यावहारिक आहे. या प्रयोगांत हमखास वापरले जाणारे बहुवारिक म्हणजे सोडिअम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, आणि बाटलीवर त्याचेही लघुरूप तेच असते! एका परिच्छेदात दोन्ही आले की वाचणारा अडकतो.

दुसरी संज्ञा तितकीच महत्त्वाची: बहुवारिकाच्या साखळीवर जुळणी सुरू होते ती ‘क्रांतिक पुंजन संहती’. विरुद्ध प्रभाराच्या जोडीत ती मायसेल संहतीच्या कितीतरी खाली, अनेकदा शंभरपट खाली असते. दोन वेगळे शब्द का हवेत हे मिठावरून कळते. मीठ घातले की मायसेल संहती उतरते, कारण आयनांच्या प्रभारित डोक्यांमधील प्रतिकर्षण झाकले जाते. पुंजन संहती मात्र चढते, कारण साखळी आणि आयन यांच्यातले आकर्षणही झाकले जाते, आणि बांधलेले छोटे आयन सुटून मिळणारा एन्ट्रॉपीचा फायदाही घटतो. तेच मीठ, परिणाम उलटे. एकाच शब्दाने दोन्ही सांगणे अशक्य आहे.

जिज्ञासू: आकड्यांसह एखादे उदाहरण मिळेल का?

पृष्ठताण: डोडेसिल-मिथाइलइमिडाझोलियम ब्रोमाइड घ्या. रेणुभार ३३१, पाण्यात २५ अंश सेल्सिअसला मायसेल संहती १० मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास. बहुवारिक वरचेच, प्रतिस्थापन ०.७ (साखळीच्या दर शर्करा-एककामागे सरासरी ०.७ कार्बोक्सिमिथाइल गट). अशा पुडीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे ३.२ मिलिमोल ऋण प्रभार. म्हणजे ०.१ ग्रॅम प्रति लिटरच्या द्रावणात ०.३२ मिलिमोल. आयनी द्रव त्या आकड्याजवळ पोहोचला की प्रभार फिटतात, द्रावण दुधाळ होते आणि साका बसतो. हा हिशेब आधी करूनच टप्पे ठरवावेत. पुडीत ओलावा असतो, तो वजनातून वजा करा.

बहुवारिक ढवळत्या पाण्याच्या भोवऱ्यात चिमटीचिमटीने भुरभुरवा आणि रात्रभर ढवळू द्या. एकदम ओतले तर बाहेरून फुगलेल्या, आत कोरड्या गुठळ्या होतात. मग २० मिलिलिटर द्रावण २५ अंशांच्या पाणकुंडात ठेवा. त्यात १० मिलिमोलचे आयनी द्रवाचे द्रावण १० मायक्रोलिटरच्या टप्प्याने सोडा. प्रत्येक टप्प्याला संहतीत ०.००५ मिलिमोल प्रति लिटरची भर पडते. टप्प्यागणिक दोन-तीन मिनिटे थांबून संवाहकता नोंदवा. तापमान एका अंशाने हलले तरी संवाहकता सुमारे २ टक्क्यांनी बदलते, आणि पुंजन सुरू होताना आलेखात येणारा बाक तेवढ्यात बुडतो. पुढे मायसेल संहतीपर्यंत जायचे तर संहत साठा लागतो. तेव्हा वाढलेल्या आकारमानाची दुरुस्ती विसरू नका.

कलिल: इथेच ‘साकळणे’ खरे ठरते. घाईत १०० मिलिमोलचा थेंब सोडला तर थेंबापाशी क्षणभर आयनी द्रवाचा अतिरेक होतो, साखळ्या आवळल्या जातात आणि बनलेले तंतू नंतर तासन्‌तास ढवळूनही सुटत नाहीत. सरासरी संहती बरोबर असते, तरी समोर दिसते ती जुळणी नसते. म्हणून टिपणात ‘साका’ आणि ‘पुंज’ कधीही अदलाबदल करून वापरू नयेत. शंका असेल तर तेच मिश्रण उलट क्रमाने करून पाहा. गढूळपणा क्रमानुसार बदलला, तर समतोल आलेला नाही.

अशुद्धीकडेही पाहा. पृष्ठताणाच्या आलेखात, बहुवारिक नसताना, मायसेल संहतीपाशी खळगा दिसला तर जलविरोधी भेसळ आहे. पिवळसर नमुना प्रतिदीप्तीसाठी घेऊ नका. टेट्राफ्लुओरोबोरेट किंवा हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट आयन असलेले द्रव पाण्यात, विशेषतः गरम केल्यावर, हायड्रोफ्लुओरिक आम्ल देतात. काच खराब होते आणि त्वचेला गंभीर धोका असतो. शुद्ध पाण्यातील मोजणीसाठी हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड) क्षार बरे.

द्रावक: एक भर. ‘आयनी द्रव आणि बहुवारिक यांचे द्रावण’ या शब्दांतून तीन वेगळ्या गोष्टी निघतात. पहिली, वर चाललेली: पाणी द्रावक, आयनी द्रव त्यात द्राव्य. १ मिलिमोलला तो साध्या क्षारासारखाच विरघळलेला असतो, ‘द्रव’ केवळ नावापुरता. दुसरी, आयनी द्रवच द्रावक: ब्युटिल-मिथाइलइमिडाझोलियम क्लोराइडमध्ये सेल्युलोज विरघळते हे २००२ मध्ये दाखवले गेले. इथे ‘आयनी द्रवातील बहुवारिक’ लिहा. तिसरी, आयनी द्रवाचा घटक साखळीतच बांधलेला. त्याला ‘बहुआयनी द्रव’ म्हणता येईल. विभक्तीच्या एका प्रत्ययात द्रावक बदलतो, तेव्हा ‘-चे’ आणि ‘-तील’ जपून वापरा.

जिज्ञासू: मग ‘स्वयंजुळणी’, ‘क्रांतिक पुंजन संहती’ आणि ‘साका’ हे तीन पक्के. ब्युटिलसारख्या आखूड शेपटीसाठीही ‘मायसेल’ चालेल?

पृष्ठताण: नको. ब्युटिलचे पुंज सैल असतात आणि ते बनायला संहती मोल प्रति लिटरच्या घरात न्यावी लागते. तिथे नुसते ‘पुंज’ लिहा. ‘मायसेल’ ऑक्टिलपासून पुढे निर्धास्त वापरा.