एनपीए, नादारी, दिवाळखोरी : आमच्या वर्कशॉपला यातलं नेमकं काय लागू?

प्रश्न, कळव्याहून

माझ्या मिस्टरांचं वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गाळा भाड्याचा, मशिनरी बँकेकडे तारण, धंदा त्यांच्या एकट्याच्या नावावर. ज्या कंपनीला आम्ही रॅक पुरवायचो तिने साडेअकरा लाख थकवले. आता पत्र आलंय की कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांच्या नादारीचं प्रकरण चालतं त्या न्यायाधिकरणात) गेली, तुमचा दावा सादर करा. इकडे आमचेच हप्ते तुंबलेत. बँकेचा माणूस सांगून गेला की खातं एनपीए झालं. पत्र्याचा व्यापारी रोज दारात उभा. मोठे दीर म्हणतात, "सरळ दिवाळं जाहीर कर, फ्लॅट वहिनीच्या नावावर चढव, सुटशील." सासूबाई तेव्हापासून नीट जेवत नाहीत. एनपीए झालं म्हणजे आमचं दिवाळं निघालं का? आणि वकील 'नादारी' म्हणतात ते काय?

उत्तर, नौपाड्याहून (निवृत्त बँक कर्मचारी)

ताई, सासूबाईंना आधी सांगा, दिवाळं निघालेलं नाही. एनपीए ही बँकेच्या हिशेबातली नोंद. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं त्या रकान्यात जातं. तारण असल्यामुळे बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 'थकबाकी भरा, नाहीतर तारण ताब्यात घेऊ' अशी 60 दिवसांची नोटीस देऊ शकते. ती आली तर गप्प बसू नका. लेखी हरकत घ्या, बँकेला तिचं उत्तर द्यावंच लागतं. एकरकमी तडजोडीचं बोलणंही तेव्हाच करायचं, मशीन उचलून नेल्यावर नाही.

नादारी म्हणजे देणी फेडायची ऐपत न उरणं. दिवाळखोरी म्हणजे कोर्टाने तसं ठरवून काढलेला आदेश. त्यामुळे कुणालाही आपल्या तोंडाने दिवाळं जाहीर करता येत नाही, अर्ज करावा लागतो. कंपन्यांसाठी 2016 ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता आहे. तिच्यातला व्यक्तींचा भाग आजवर फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झालाय. तुमच्या मिस्टरांसारख्या एकट्या मालकाला ठाण्यात 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. मुंबई शहराचा कायदा वेगळा, 1909 चा. 1920 च्या कायद्यात अर्जासाठी देण्याची किमान रक्कम अजून 500 रुपये आहे, यावरून तो किती जुना ते कळेल.

आदेश झाला की मालमत्ता रिसीव्हरकडे, म्हणजे ती सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे जाते. पण अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, मंगळसूत्र यांना हात लागत नाही. तारण दिलेल्या मशिनरीवरचा बँकेचा हक्क मात्र तसाच राहतो. आणि कोर्टाने मुक्त करेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांची उधारी घेतली तरी तो गुन्हा.

दिरांचं ऐकून फ्लॅटचे कागद अजिबात करू नका. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं, आणि मग प्रामाणिक माणसाकडेही लबाड म्हणून बघितलं जातं. अडचणीतल्या घराचं याच सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, हे मी नोकरीत पाहिलंय.

उत्तर, ऐरोलीहून

मी अकाउंट्सचं काम करते, त्या पत्राबद्दल सांगते. या प्रकरणात तुम्ही धनको (पैसे येणं असलेले) आहात, ऋणको (देणेकरी) नाही! माल पुरवणाऱ्यांसाठी फॉर्म बी असतो. बिलं, चलनं, बँक स्टेटमेंट जोडून तो पत्रात नाव दिलेल्या नादारी व्यावसायिकाकडे (कंपनीचं हे प्रकरण हाताळायला नेमलेल्या माणसाकडे) पाठवा. फी लागत नाही. प्रकरण चालू असेपर्यंत कंपनीवर वसुलीचा नवा दावा लावता येत नाही, म्हणून हाच रस्ता. कंपनी विकायची वेळ आली तर प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारणवाल्या बँका, सरकार हे सगळे आधी आणि आपण त्यांच्या मागे. पूर्ण रक्कम धरून कुणाला शब्द देऊ नका. पण दावाच केला नाही तर वाट्याला येणारं थोडंफारही जाईल.

प्रश्नकर्तीकडून

खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, भांडी आणि मंगळसूत्राचं त्यांनी दोनदा विचारलं. एक राहिलं. धाकट्या दिरांनी पतपेढीत आमच्यासाठी जामीन घेतलाय. मिस्टर नादारीत गेले तर ते सुटतील का?

उत्तर, नौपाड्याहून

नाही सुटणार. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि कर्जदार नादारीतून मुक्त झाला तरी जामीनदार बांधलेलाच राहतो. म्हणून अर्जाचा विचार करण्याआधी पतपेढीशी बोला, धाकट्या दिरांना सोबत घेऊन. वकिलाची फी जड जात असेल तर कोर्टनाक्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पण अर्ज मिस्टरांचा असेल तर त्यांच्या उत्पन्नाचा दाखला लागेल, तो तहसील कार्यालयातून आधीच काढायला टाका.